भिंतीवर टांगलेला दरबार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवरून चित्राविषयी बोलायचे म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ. मी बोलणार, तुम्ही ऐकणार, आणि चित्र मात्र दोघांच्याही समोर नाही. तरी मी हे धाडस करतो आहे, कारण ज्या चित्राविषयी बोलायचे आहे ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी पाहिलेले आहे. पेशव्यांचा दरबार भरला आहे. उंच लाकडी खांबांच्या रांगा आहेत, त्यांच्यावर नक्षीदार महिरपी आहेत, खाली बिछायतीवर पागोटी-पगड्यांची दाटी आहे आणि मधोमध तरुण पेशव्यांपाशी इंग्रज वकील बसला आहे. मराठ्यांच्या इतिहासाच्या जुन्या पुस्तकांत हे चित्र छापलेले असते. सातारा-सांगलीकडच्या काही जुन्या घरांतून ते काळसर चौकटीत, काचेमागे, सोप्याच्या भिंतीवर दिसते.

चित्रासमोर उभे राहिले की आपण बहुतेक जण एकच काम करतो. हे सवाई माधवराव, ते नाना फडणवीस असावेत, हा इंग्रज कोण बरे, अशी तोंडे ओळखतो आणि पुढे जातो. माणसे ओळखली की चित्र पाहून झाले! माझी आज तुम्हाला विनंती अशी की, माणसांवरून नजर थोडी वर न्या. खांब पाहा, छत पाहा, जमीन पाहा. या चित्रातला महाल आज जगात नाही. तो जळून गेला. आपण पाहतो ते एका नाहीशा झालेल्या दालनाचे चित्र आहे, आणि म्हणून ते कसे पाहावे हे शिकून घेण्यासारखे आहे.

आधी चित्राची जन्मकथा सांगतो.

१७९० साली पुण्यात एक मोठा करार झाला. म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज कंपनी सरकार, पेशवे आणि निजाम अशी तिघांची युती ठरली. पुण्याच्या दरबारातला इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मालेट. त्याने ही बोलणी पार पाडली. त्या वेळी मालेट चाळिशीच्या आत होता, नाना फडणवीस अठ्ठेचाळीस वर्षांचे होते आणि ज्यांच्या नावाने हे सारे चालले होते ते सवाई माधवराव पेशवे अवघे सोळा वर्षांचे होते. या तीन वयांचा हिशेब मनात धरून चित्र पाहा. मधल्या मुलाच्या भोवती दोन मुरब्बी माणसे आहेत, हे एकदा लक्षात आले की चित्राचा अर्थ निम्मा उलगडतो.

दरबार भरला त्या दिवशी तिथे कोणी विलायती चित्रकार नव्हता. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटलंडचा चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि नंतर पुण्यास आला. मालेटने त्याला दरबारात नेले. वेल्सने सवाई माधवराव आणि नाना यांची तैलचित्रे काढली, महादजी शिंद्यांचेही काढले. मराठेशाहीतल्या या माणसांचे चेहरे आज आपल्याला ज्या रूपात ठाऊक आहेत, त्यात या वेल्सच्या कुंचल्याचा वाटा मोठा आहे. त्याने पुण्यातच इथल्या मुलांना चित्रकला शिकवण्याची खटपट केली. त्यातूनच गंगाराम तांबट या पुणेकर कलावंताचे नाव पुढे आले. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा, कार्ल्याची लेणी अशी त्याची चित्रे आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेली आहेत.

करारप्रसंगाचे भव्य चित्र वेल्सकडून करून घ्यावे असे मालेटच्या मनात होते. त्याची कच्ची रेखाटने वेल्सने केलीही. पण १७९५ साली तापाने वेल्स वारला. त्याच वर्षी सवाई माधवरावही गेले. मालेट पुढे विलायतेला परतला, १७९९ मध्ये त्याने वेल्सच्याच मुलीशी, सुझानाशी लग्न केले, आणि सासऱ्याची सारी रेखाटने थॉमस डॅनियल या नामांकित चित्रकाराच्या हाती दिली. डॅनियलने हिंदुस्थानात कित्येक वर्षे फिरून इथल्या इमारतींची चित्रे काढली होती. त्याने वेल्सच्या रेखाटनांवरून १८०५ मध्ये मोठे तैलचित्र पुरे केले. ते आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. १८०७ मध्ये चार्ल्स टर्नर या कुशल कारागिराने त्यावरून तांब्याच्या पत्र्यावर ठसा तयार केला आणि त्याच्या प्रती छापल्या. तैलचित्र एकच असते, ते एका घरात राहते. छापील चित्र मात्र गावोगाव जाते. आपल्याकडच्या पुस्तकांत आणि भिंतींवर जे आले, ते या छापील चित्राचे कूळ.

आता महालात शिरू या.

हा शनिवारवाड्यातला गणेश महाल समजला जातो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात गणपतीच्या उत्सवासाठी हे दालन बांधले गेले. पहिली गोष्ट पाहा, खांब. खाली गोलसर, कमळाच्या पाकळ्यांनी वेढलेली बैठक आणि वर निमुळता होत गेलेला सोट. याला आपल्याकडे सुरुदार खांब म्हणतात, कारण त्याचा आकार सुरूच्या झाडासारखा. खांबाच्या माथ्यावरून दोन्ही अंगांना लाकडी कमानी निघतात. त्यांना पाकळ्या-पाकळ्यांची कड असते, तीच महिरप. जिथे कमान खांबाला मिळते तिथे खाली लोंबणारे केळफूल कोरलेले असते. दगडी इमारतीत कमान भार वाहते. इथे मात्र भार वाहतात खांब आणि त्यांच्यावरच्या तुळया. महिरप ही निव्वळ शोभा. सुताराने तुळईखाली लाकडाची झालर लावावी तशी ती लावलेली आहे. हे कळले की आपल्या वाड्यांचे सुतारकाम कळू लागते. मोगलांच्या दगडी कमानीचा आकार आमच्या सुतारांनी सागवानात उतरवला आणि तो करताना दारातल्या केळीचे फूलही त्यात घातले.

दुसरी गोष्ट जमीन. एवढ्या मोठ्या दरबारात खुर्ची नाही. बिछायत आहे, लोड-तक्के आहेत. सगळे जमिनीवर बसलेले आहेत, आणि त्यांत इंग्रजही आहेत. घट्ट विजारी घातलेल्या माणसांना मांडी घालणे किती जड जात असेल ते त्यांचे त्यांना ठाऊक! पण दरबाराचा रिवाज पेशव्यांचा होता आणि पाहुण्याला तो पाळावा लागत होता. पुढे काळ बदलला, संस्थानिकांच्या दरबारांत खुर्च्या आल्या, त्या कोणी कुठे ठेवायच्या यावरून तंटे झाले. खुर्ची नसलेला दरबार म्हणजे अजून आपला हुकूम आपल्या घरात चालत होता याची खूण. चित्रातले सामान असे बोलते.

तिसरी गोष्ट खोली. म्हणजे दालनाची नव्हे, चित्राची खोली. एखादी फूटपट्टी घ्या आणि खांबांच्या माथ्यांवरून एक रेघ, बैठकींवरून दुसरी रेघ मनातल्या मनात ओढा. रांग जसजशी लांब जाते तसतशा या रेघा एकमेकींकडे झुकतात. जवळचा खांब मोठा, लांबचा लहान, हे गणित विलायती चित्रकारांनी तीन-चारशे वर्षे घोटलेले होते. आपल्या जुन्या चित्रकारांचे गणित निराळे. त्यांच्या चित्रात राजा मोठा आणि चाकर लहान, मग तो जवळ असो वा लांब. अंतरापेक्षा मानाला महत्त्व.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर फार लांब जायला नको. वाईजवळ कृष्णाकाठी मेणवली आहे. 'स्वदेस' या चित्रपटात ज्यांनी तिथला घाट पाहिला, त्यांना तो आठवेल. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आहे. मेणवली गाव नानांना १७६८ मध्ये इनाम मिळाले. घाटावरच्या देवळापाशी वसईच्या विजयानंतर आणलेली मोठी पोर्तुगीज घंटा आहे, ती पाहायला लोक जातात आणि वाडा पाहायचा राहतो. त्या वाड्यात लाकडी खांब आहेत, तुळया आहेत आणि भिंतींवर रंगीत चित्रे आहेत. ती चित्रे सपाट आहेत, त्यांत सावली नाही, खांबांच्या रांगा लांब पळत नाहीत. म्हणजे गंमत अशी की, नाना आपल्या घरी ज्या पद्धतीची चित्रे पाहत होते, ती एका जातीची. आणि वेल्सपुढे बसून त्यांनी स्वतःचे जे चित्र काढून घेतले, ते दुसऱ्या जातीचे. एकाच माणसाच्या आयुष्यात चित्रकलेच्या दोन दुनिया भेटल्या. आधी मेणवलीचा वाडा पाहावा आणि मग दरबाराचे चित्र पाहावे. चित्रातले खांब किती उंच, किती जाड, त्यांच्यामध्ये अंतर किती, हे अंगाला कळते. कागदावरची नक्षी मग हाताला लागल्यासारखी वाटते.

आता हा ठसा कसा करीत ते थोडक्यात सांगतो, कारण त्याच्याशिवाय चित्रातल्या काळोखाची मजा कळायची नाही.

टर्नर ज्या पद्धतीत निष्णात होता तिला मेझोटिंट म्हणतात. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. बारीक दात्यांचे, वाकड्या धारेचे एक हत्यार त्यावर उभे-आडवे-तिरपे असे सगळीकडून झुलवत न्यायचे. असे दिवसचे दिवस केले की पत्रा सगळा खरबरीत होतो. या अवस्थेत त्याला शाई लावून छापले तर कागदावर उमटेल निव्वळ काळा मखमली चौकोन. मग कारागीर खरवडणीने आणि घोटणीने तो खरबरीतपणा जिथे हवा तिथे कमी करीत जातो. थोडा घासला तर करडा रंग, जास्त घासला तर फिकट, पूर्ण घोटला तर पांढराशुभ्र. म्हणजे आपण कागदावर पेन्सिलीने चित्र काढतो तेव्हा पांढऱ्यात काळे भरतो. हा कारागीर काळ्यातून पांढरे बाहेर काढतो. आणि पत्र्यावर हे सारे उलटे काढायचे, कारण छापताना डावे उजवीकडे जाते.

दालनाच्या चित्राला ही पद्धत फार शोभते. विजेचे दिवे नसलेला महाल कसा असतो? कोपऱ्यांत अंधार, छताशी अंधार, आणि जिथून उजेड येतो तिथे अंगरख्यांचे पांढरे झळझळीत पट्टे. मेझोटिंटमध्ये तो अंधार सपाट काळा दिसत नाही, त्याला पोत येतो. महिरपीच्या आतल्या कडा अर्धवट दिसतात, अर्धवट कल्पाव्या लागतात. पण या ठशाला एक शाप असतो. पत्र्याचा तो बारीक खरबरीतपणा प्रत्येक छापणीला झिजतो. तांब्याच्या पत्र्यावरून शंभर-दोनशे उत्तम प्रती निघाल्या की पुढच्या प्रती पुसट होऊ लागतात. म्हणून दोन अस्सल प्रती शेजारी ठेवल्या तर एकीत काळोख गडद आणि दुसरीत राखाडी असे होते. पहिली आधी छापलेली असण्याचा संभव जास्त.

इथे एक प्रश्न आपण स्वतःला विचारलाच पाहिजे. या चित्रावर विश्वास किती ठेवायचा?

मी त्याचे तीन भाग करतो. पहिला भाग दालनाचा. वेल्स पुण्यात राहिला होता, दरबारात त्याची ये-जा होती आणि इमारती बारकाईने काढण्याची त्याला सवय होती. वेरूळच्या लेण्यांची त्याची रेखाटने इतकी चोख होती की डॅनियलने ती पुढे प्रसिद्ध केली. शिवाय चित्रातले खांब आपल्याकडे अजून उभ्या असलेल्या वाड्यांतल्या खांबांशी जुळतात. म्हणून दालन बरेचसे विश्वासार्ह. दुसरा भाग मुख्य चेहऱ्यांचा. वेल्सने पेशवे आणि नाना यांना समोर बसवून रंगवले होते, तेव्हा त्यांनाही आधार आहे. पण मूळ प्रसंगानंतरचे ते चेहरे आहेत, हे विसरायचे नाही. तिसरा भाग मांडणीचा. कोण कुठे बसले, कोण कोणाकडे पाहत होते, कोणाच्या तोंडावर कोणता भाव होता, हे सगळे नंतर जुळवलेले. वेल्स त्या दिवशी नव्हता आणि डॅनियलही नव्हता. साक्षीदार होता तो मालेट, आणि चित्राचे पैसे देणाराही तोच. पैसे देणारा माणूस चित्राच्या मध्यभागी येतो यात नवल नाही.

तारखांकडेही पाहा. प्रसंग १७९० चा, छापील चित्र १८०७ चे. मधल्या सतरा वर्षांत काय काय झाले? १७९२ मध्ये टिपूला निम्मे राज्य सोडावे लागले. १७९९ मध्ये तो श्रीरंगपट्टणला लढता लढता पडला. १८०० मध्ये नाना वारले. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि इंग्रजांची फौज पदरी घेतली. लंडनमध्ये हे चित्र विकत घेणाऱ्याला हे सगळे ठाऊक होते. पुण्याच्या दरबारात बसलेल्या मंडळींना त्यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांच्या लेखी ते टिपूने दाबलेला कर्नाटकातला मुलूख सोडवण्यासाठी इंग्रजांना हाताशी धरत होते. विकत घेणाऱ्याच्या लेखी ते इंग्रजी सत्तेच्या एका पायरीचे चित्र होते. एकाच कागदाकडे दोन बाजूंनी असे पाहता आले पाहिजे.

आणि चित्रात जे नाही तेही पाहायला शिकावे. कराराच्या कागदाचा खर्च कोणी भरला? तो भरला घोड्यावर बसून गेलेल्या माणसांनी. तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन फौज घेऊन कर्नाटकात उतरले. धारवाडच्या किल्ल्याला वेढा पडला तो १७९० च्या पावसाळ्यानंतर, आणि किल्ला हाती आला १७९१ च्या एप्रिलात. इंग्रजांची एक तुकडी भाऊंच्या बरोबर होती. तिच्यातल्या एडवर्ड मूर या तरुण अधिकाऱ्याने पुढे या मोहिमेवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १७९४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या बाजूची हकिकत पटवर्धनांच्या दप्तरात होती. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी आयुष्य वेचून ती कागदपत्रे वाचली आणि 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने खंडामागून खंड छापले. दाणावैरण, पगार, आजार, दारूगोळ्याची वाट पाहणे, असल्या गोष्टी अशा दप्तरांतच सापडतात, चित्रांत नाहीत. तासगावच्या गणपतीचे ते उंच गोपूर ज्या परशुरामभाऊंनी उभारले, ते त्या महिरपींखालच्या कराराची किंमत रणात मोजत होते. चित्र आणि दप्तर शेजारी ठेवले म्हणजे इतिहास पुरा होतो. एकटे चित्र म्हणजे नुसती मिरवणूक.

मग या दालनाचे पुढे काय झाले? १८१७ च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. सागवानाचे खांब, महिरपी, केळफुले, रंगवलेली छते, सगळे गेले. आज शनिवारवाड्यात गेलात तर तट आहे, दरवाजे आहेत, कारंज्यांचे हौद आहेत आणि जोती आहेत. त्या जोत्यांवर डोळ्यांपुढे काही उभे करायचे तर जे थोडे आधार उरले, त्यांत हे छापील चित्र आहे.

हे सांगताना मला आपल्याकडच्या आजच्या वाड्यांची आठवण होते. तासगावच्या बाजूच्या एका गावातला वाडा भावाभावांत वाटला गेला. नाव सांगत नाही, पण अशी घरे तुम्हालाही माहीत असतील. वाटणीत जागा गेली, लाकूड जुन्या इमारती सामानाच्या व्यापाऱ्याने नेले. सुरुदार खांब कोणत्या शहरात कोणत्या हॉटेलची शोभा वाढवायला गेले, कोणी सांगू शकले नाही. मी पोचलो तेव्हा उरल्या होत्या दोन-चार चौकटी. एका चौकटीत हेच दरबाराचे चित्र होते, दुसरीत त्याच सोप्यात काढलेला कुटुंबाचा फोटो. घरातल्या आजी म्हणाल्या, "चित्रातल्यासारखेच खांब होते हो आमचे. आता हे बघूनच सांगायचं नातवंडांना." त्यांनी चित्राचा जो उपयोग सांगितला, तो एखाद्या जाणकारालाही सुचला नसता. शनिवारवाड्याच्या चित्रात त्या आपला सोपा पाहत होत्या.

मग साहजिक प्रश्न येतो. आमच्या घरी असे चित्र आहे, ते जुने का? त्याला किंमत किती? किमतीचे मी सांगणार नाही, ते बाजारावर असते. जुनेपणा ओळखण्याच्या मात्र काही साध्या खुणा आहेत.

घड्याळजीकडे असते तसले भिंग घ्या आणि चित्राचा करडा भाग पाहा. एकसारख्या ओळीत बसवलेले ठिपके दिसले तर ते फोटोवरून यंत्राने छापलेले, म्हणजे फार तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे किंवा त्यानंतरचे. ठिपके नसून मऊ, मखमली, तुटक पोत दिसला तर तांब्याच्या ठशाची शक्यता आहे. चित्राच्या चारी बाजूंना, कडेपासून थोडे आत, कागद दबल्याची रेघ आहे का पाहा. पत्रा आणि ओला कागद एकत्र दाबून छापत, तेव्हा पत्र्याची कड कागदात रुतत असे. चित्राच्या खाली बारीक अक्षरांत डावीकडे मूळ चित्रकाराचे आणि उजवीकडे ठसा कोरणाऱ्याचे नाव असते, आणि बहुधा प्रकाशनाची तारीखही. इंग्लंडात १७३५ सालापासून असा कायदाच होता की ठशावर मालकाचे नाव आणि तारीख हवी, तरच चोरून छापणाऱ्यापासून संरक्षण मिळेल. दुर्दैवाने आपल्याकडे चौकट लहान पडली की हीच पट्टी कापून टाकत. कात्रीच्या एका फटक्यात चित्राचा जन्मदाखला गेला!

पण ठिपके दिसले म्हणून निराश होऊ नका. आपल्या घरांतल्या छापील चित्रांना स्वतःचा इतिहास आहे. १८७८ मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. देवादिकांची आणि मराठेशाहीतल्या थोर पुरुषांची शिळाछापाची रंगीत चित्रे तिथून घरोघर गेली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. त्यांच्या चित्रांतल्या देवीही पडदे, खांब, गालिचे अशा थाटाच्या महालात उभ्या असतात. ज्याला तैलचित्र परवडत नव्हते त्यानेही आपल्या कुडाच्या भिंतीवर एक महाल टांगला. साताऱ्याकडे या आवडीला राजाश्रयही मिळाला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी औंधच्या डोंगरावर उभे केलेले संग्रहालय आजही पाहता येते. आणि साताऱ्याचेच दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी कागदपत्रांबरोबर जुनी चित्रेही गोळा केली. मेणवलीचे नानांचे दप्तर त्यांच्याच हाती आले. त्यांच्या संग्रहासाठी साताऱ्यात संग्रहालय उभे राहिले, आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. सांगली संस्थानावर आणि जुन्या पुण्यावर त्यांनी इंग्रजीत पुस्तके लिहिली. रद्दीतून इतिहास निवडणारी अशी माणसे आपल्या भागात होऊन गेली, हे आपण विसरतो.

शेवटी जपणुकीचे चार शब्द. सांगलीकरांना २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर सांगायला नकोत. पाणी ओसरल्यावर गाळाबरोबर किती चौकटी रस्त्यावर आल्या! चित्र भिजले तर पहिले काम म्हणजे घाई न करणे. काचेला चिकटलेला कागद ओढू नका, शाईचा थर काचेवरच राहील. तो काचेसकट आडवा ठेवून जाणकाराला दाखवा. सुटा कागद असेल तर सावलीत, वाऱ्यावर, टीपकागदाच्या घड्यांमध्ये आडवा वाळवा आणि टीपकागद बदलत राहा. उन्हात घालू नका, इस्त्री फिरवू नका. फाटले असेल तर चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही वर्षांनी पिवळा पडतो आणि कागद खातो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा सोडवता येत नाही. चौकटीमागे प्लायवूड किंवा खोक्याचा पुठ्ठा असेल तर तो काढून आम्ल नसलेला पुठ्ठा घालून घ्या. काच आणि कागद एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठ्याची चौकट हवी. आणि चित्र थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर किंवा पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका. कसर आणि झुरळे यांना जुनी खळ फार आवडते, तेव्हा वर्षातून एकदा चौकट उतरवून मागची बाजू पाहा.

चौकट उतरवाल तेव्हा आणखी एक काम करा. एका वेगळ्या कागदावर, चित्रावर नव्हे, लिहून ठेवा की हे चित्र कोणाचे, घरात कधी आले, कोणत्या खोलीत कोणत्या भिंतीवर होते. घरात कोणी ऐंशीच्या पुढचे असेल तर त्यांना आजच विचारा. तो कागद पाकिटात घालून चौकटीच्या मागे लावा. वाडा पाडायचा ठरला असेल तर लाकूड उतरवण्याआधी खांबांचे, तुळयांचे, कोनाड्यांचे फोटो काढा आणि एक माप टाका: खांबाची उंची, घेर, दोन खांबांमधले अंतर. हे काम एका दुपारचे आहे.

मालेटला आपला मोठेपणा मिरवायचा होता, म्हणून त्याने पैसे खर्चून एका दालनाचे चित्र करून घेतले. त्याचा हेतू काहीही असो, त्यामुळे ते दालन आपल्याला पाहता येते. आपल्या सोप्यांची आणि माजघरांची चित्रे काढायला कोणी डॅनियल येणार नाही. ते काम आपल्यालाच करायचे आहे, आणि खांब उभे आहेत तोवरच ते करता येईल.